शनिवार-रविवार गोझो ट्रिप, नीट वाचा

मंडळी, मॉल्टाशेजारच्या गोझो बेटाची ट्रिप नक्की झालीये. शनिवारी सकाळी ८ ला मॉल्टाच्या बाजूला चिर्केव्वाच्या फेरी टर्मिनलवर भेटायचं, २५ मिनिटांत पलीकडे पोचतो, आणि जाताना तिकीट नसतं, परत येताना घेतात, तेव्हा उगाच खिडकी शोधत बसू नका.

चप्पल घालून येणाऱ्यांना द्वेय्राच्या किनाऱ्यावर नेणार नाही हं, तिथला चुनखडीचा खडक समुद्राने खाऊन पार करवत झालाय, ग्रिपवाले शूजच हवेत. फोटोतली ती प्रसिद्ध कमान शोधू नका, अझूर विंडो ८ मार्च २०१७ लाच वादळात कोसळली, पण ब्लू होल, म्हणजे खडकातलं खोल समुद्री कुंड, आहे आणि लाटा नसतील तर शेजारच्या इनलँड सी या खाऱ्या तळ्यातून छोट्या बोटीने बोगद्यातून बाहेर समुद्रात जाता येतं, ते चुकवू नका.

संध्याकाळी श्वेय्नीची मिठागरं. आपल्याकडची चिखलातली, ही थेट खडकात कोरलेली, अजून मीठ काढतात तिथे, म्हणून वाफ्यात पाय घालायचा नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. रविवारी जगांतियाची देवळं, पिरॅमिडच्याही आधीची, सावली जवळजवळ नाही, टोपी-पाणी आपापलं.

शाकाहारी लोकांनो, फ्तिरामध्ये (तिथला स्थानिक पाव) बऱ्याचदा ट्यूना मासा असतो, विचारून घ्या.

येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत नाव टाका, नंतर रूम मिळणार नाही.