नेवेन सुबोटिचचं करिअर 2013 ला संपलं नव्हतं

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या क्रीडा पानावर युरोपातला फुटबॉल येतो याचा मला आनंदच आहे, पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे ती आज लिहूनच टाकतो. पानावर येतात ते फक्त गोल मारणारे. कुणाचे किती गोल झाले, कोण किती कोटींना कुठे गेला एवढंच. डिफेंडरचं नाव छापून यायचं तर त्याला रेड कार्ड तरी मिळायला लागतं नाहीतर त्याच्याकडून सेल्फ गोल तरी व्हायला लागतो. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर ज्याने पेठांच्या मॅचेस बघितल्यात त्याला हे सांगायला लागत नाही की मागे दोघं खंबीर नसतील तर पुढच्यांनी कितीही गोल मारले तरी मॅच हातातून जाते.

म्हणून मी सर्बियाचा डिफेंडर नेवेन सुबोटिच याच्याबद्दल लिहितोय. फुटबॉल बघणाऱ्यांत त्याच्याबद्दल एक ठरलेलं बोललं जातं की पोरगा भारी होता पण गुडघा गेला आणि संपला. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायचंय.

आधी तो आला कुठून ते बघा. जन्म 10 डिसेंबर 1988, बान्या लुका, म्हणजे तेव्हाचा युगोस्लाव्हिया आणि आजचा बोस्निया. घरचे बोस्नियातले सर्ब. तो अगदी लहान असताना घरचे जर्मनीत आले, ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोमबर्ग नावाच्या छोट्या गावात, तिथेच शाळा आणि तिथेच फुटबॉल सुरू झाला. मागे त्यांच्या देशात युद्ध पेटलं, 1995 ला ते थांबलं, आणि मग जर्मनीने बोस्नियातून आलेल्या लोकांना परत पाठवायला सुरुवात केली. सुबोटिच कुटुंबाचीही राहायची परवानगी वाढली नाही. 1999 मध्ये सगळे अमेरिकेला गेले, आधी सॉल्ट लेक सिटी आणि मग बहिणीच्या टेनिससाठी फ्लोरिडातलं ब्रेडेंटन. तिथल्या एका पार्कात हा पोरगा एकटा प्रॅक्टिस करत असताना अमेरिकेच्या अंडर 17 टीमच्या असिस्टंट कोचने त्याला हेरलं आणि पुढे तो अमेरिकेकडून ज्युनिअर लेव्हलला खेळला पण. दहा अकरा वर्षांच्या वयात दुसऱ्यांदा देश सोडायला लागलेला मुलगा, त्याने पुढे ज्या देशाने राहू दिलं नाही त्याच देशाची लीग दोन वेळा जिंकली, यावर खरंतर एक अख्खं पान व्हायला पाहिजे.

2006 मध्ये तो जर्मनीतल्या माइन्ट्स क्लबला आला, कोच होता युर्गन क्लॉप. 2008 ला क्लॉप जर्मनीतल्याच डॉर्टमुंड क्लबला गेला आणि जाताना ह्यालाही घेऊन गेला. डॉर्टमुंड तेव्हा काही मोठी टीम राहिली नव्हती, तीन वर्षांपूर्वी क्लबचं दिवाळं निघता निघता वाचलं होतं आणि आदल्या सीझनला ते तेराव्या नंबरवर होते. क्लॉपने मागे दोन 19 वर्षांची पोरं उभी केली, सुबोटिच आणि मॅट्स हुमेल्स, दोघांच्या वाढदिवसात फक्त सहा दिवसांचा फरक. सप्टेंबर 2008 मध्ये शेजारच्या शाल्के क्लबविरुद्धच्या डर्बीत डॉर्टमुंड 0-3 मागे होतं आणि मॅच 3-3 झाली, त्यात पहिला गोल ह्या डिफेंडरचा होता. हुमेल्सचा पाय शोभिवंत, बॉल घेऊन वर निघायचा, सगळ्यांच्या लक्षात तोच राहिला. पण तो वर गेला की मागची मोकळी जागा कोण सांभाळायचं तर सुबोटिच, हवेतला बॉल कोण काढायचं तर सुबोटिच, अंगावर कोण घ्यायचं तर तेही सुबोटिच. 2010-11 ला डॉर्टमुंड नऊ वर्षांनी चॅम्पियन झालं, 34 मॅचमध्ये फक्त 22 गोल खाल्ले होते. पुढच्या वर्षी परत चॅम्पियन, वर जर्मन कप पण, फायनलला बायर्न म्युनिकला 5-2 ने हरवून.

त्याच सीझनमधली 11 एप्रिल 2012 ची मॅच ज्यांनी बघितलीय त्यांना तो क्षण आठवत असेल. डॉर्टमुंड बायर्नवर 1-0 ने पुढे, मॅच संपत आलेली, बायर्नला पेनल्टी मिळाली, आर्येन रॉबेनने मारली आणि डॉर्टमुंडचा गोलकीपर वायडेनफेलरने पकडली. सुबोटिच धावत जाऊन रॉबेनच्या तोंडासमोर ओरडला. लोकांनी तेव्हा नावं ठेवली, मलाही ते वागणं आवडलं नव्हतं, पण त्या पेनल्टीवर लीग जवळपास ठरणार होती, 23 वर्षांच्या पोराला ते आवरलं नाही.

पुढच्याच वर्षी 25 मे 2013, वेम्बली, चॅम्पियन्स लीगची फायनल, परत हेच दोन क्लब. स्कोअर 1-1 असताना बायर्नच्या म्युलरने वायडेनफेलरला चकवून बॉल रिकाम्या गोलकडे ढकलला, मागून रॉबेन नुसता पाय लावायला येत होता, आणि सुबोटिचने घसरत जाऊन गोललाईनवरून तो बॉल बाहेर काढला. मी आजवर बघितलेल्या सगळ्यात भारी डिफेंडिंगपैकी एक. 89 व्या मिनिटाला रॉबेननेच गोल मारला आणि बायर्न जिंकलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे रॉबेनच रॉबेन. पण त्या आधीची जवळजवळ वीस मिनिटं फायनल जिवंत राहिली ती त्या एका घसरण्यामुळे, आणि गोलांच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाही.

देशासाठी खेळायची वेळ आली तेव्हा अमेरिका, जर्मनी, बोस्निया सगळे पर्याय त्याच्यासमोर होते, त्याने सर्बिया निवडला. 36 मॅच खेळला. 2010 च्या वर्ल्ड कपला पोर्ट एलिझाबेथमध्ये सर्बियाने जर्मनीला 1-0 ने हरवलं तेव्हा नेमान्या विदिचच्या शेजारी सेंटर बॅकला हाच होता. ग्रुपमधून मात्र टीम पुढे गेली नाही.

आता तो गुडघा. नोव्हेंबर 2013, वोल्फ्सबुर्गविरुद्ध लिगामेंट फाटलं आणि अख्खा सीझन गेला. परत आला तेव्हा आधीचा वेग राहिला नव्हता हे खरंय. पण त्यानंतर काय झालं ते बघा ना. 2017 च्या सुरुवातीला लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, जर्मनीतल्याच कोलोन क्लबला गेला, त्या सीझनला कोलोन पाचवं आलं आणि 25 वर्षांनी युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत खेळायला पात्र ठरलं. 2018 च्या जानेवारीत फ्रान्समध्ये सेंट एतियेनला गेला, टीम खाली अडकलेली होती, सीझन संपला तेव्हा सातवी. 2019 ला युनियन बर्लिन, त्या क्लबचा बुंडेसलिगातला, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमधला, इतिहासातला पहिला सीझन, सगळे म्हणत होते लगेच खालच्या लीगमध्ये जाणार, ते अकरावे आले. हे सगळं त्याच्या एकट्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, शेवटी तुर्कस्तानात देनिझ्लीस्पोरला नाहीच जमलं आणि ऑस्ट्रियातल्या आल्टाखला त्याने शेवट केला. पण संपलेला प्लेअर म्हणायचं ते ह्याला का?

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. 2012 मध्ये, म्हणजे अगदी टॉपला असताना, वय 23-24, त्याने स्वतःच्या नावाने फाउंडेशन सुरू केलं, इथियोपियाच्या तिग्राय भागात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि शाळांतून संडास बांधायचं काम. पाणी लांब असेल तर आणायला बायका आणि मुलीच जातात, त्यात दिवसाचे तास जातात आणि शाळा सुटते, शाळेत संडास नसेल तर मोठ्या मुली यायच्याच बंद होतात, हे त्याने तिथे जाऊन बघितलं आणि मग पैसे आणि वेळ दोन्ही तिकडे घातले. गाड्या विकल्या, मोठं घर सोडलं. नंतर काम केनिया आणि टांझानियातही गेलं, फाउंडेशनचं नाव बदलून त्याने स्वतःचं नाव त्यातून काढलं. नोव्हेंबर 2020 मध्ये तिग्रायमध्ये युद्ध सुरू झालं, जिथे इतकी वर्षं काम केलं त्याच गावांवर, तरी त्याने काम सोडलं नाही. स्वतःच्या लहानपणी युद्धापायी घर सुटलेल्या माणसाला त्या बातम्या ऐकताना काय झालं असेल याचा मी खूप वेळा विचार करतो.

एक लक्षात घ्या की जखमी गुडघा, लोन, छोटे क्लब ही जी वर्षं लोक उतरती म्हणतात तीच ह्या कामाची वर्षं आहेत, दोन्ही बरोबरच चालू होतं. 2022 ला तो अधिकृतपणे रिटायर झाला.

तर संपादक साहेब, माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून एकदा अर्धं पान अशा लोकांना द्या, डिफेंडर, गोलकीपर, दुखापतीतून उठलेले, छोट्या क्लबात गेलेले, आणि सुरुवात सुबोटिचपासून करा. फोटो वेम्बलीच्या गोललाईनवरचा टाका, रॉबेनवर ओरडतानाचा नको, आणि तिग्रायच्या विहिरींबद्दल निदान चार ओळी तरी येऊ द्या.

आपला नियमित वाचक,
कोल्हापूर