मांडीवरच्या पोराचं काय? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीत राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. आजवर कुठल्याही मंत्र्याला मी पत्र लिहिलेलं नाही. परवा संध्याकाळी जे पाहिलं ते पाहिलं नसतं, तर हेही लिहिलं नसतं.

आमच्या भागातल्या एका चौकात वाहनतपासणी चालू होती. माझ्या स्कूटीच्या पुढे एक कार थांबवली. चालवणाऱ्या गृहस्थांनी बेल्ट लावला नव्हता आणि त्यांच्या मांडीवर, स्टिअरिंग आणि पोट यांच्या मधे, दीड-दोन वर्षांचं पोर बसलेलं. पोराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. हवालदारांनी मशीनवर फोटो काढला आणि बेल्टचं चलन केलं. गृहस्थांनी मुकाट्याने बेल्ट ओढून लावला आणि पोर पुन्हा मांडीवर घेतलं. हवालदारांनी त्या पोराच्या गालाला हात लावला, हसले आणि गाडी सोडली.

मी तिथेच गाडी बाजूला घेऊन उभी राहिले. पाय थरथरत होते. ओढलेल्या बेल्टमुळे वडील जागेवर राहणार होते, आणि स्टिअरिंगमधली एअरबॅग उघडली असती तर ती सरळ त्या पोराच्या डोक्यावर उघडली असती. एअरबॅग फुगायला सेकंदाचा तिसावा भागसुद्धा पुरतो. हे मला पूर्वी माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि ते कसं माहीत झालं तेच सांगायचं आहे.

गेल्या डिसेंबरात विट्याचं लग्न आटोपून आम्ही रात्री तासगावमार्गे परत येत होतो. माझे मालक गाडी चालवत होते, पुढे सासरे, मागे सासूबाई आणि मी. पाच वर्षांचा धाकटा माझ्या मांडीवर पेंगलेला. कवलापूरच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या जोडलेला. डेकवर गाणी मोठ्याने वाजत होती, पण मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मालकांनी ब्रेक दाबला तेव्हा वेग पन्नासच्या आसपास असेल, धडकलो तेव्हा चाळीस. चाळीस म्हणजे कुणी त्याला वेग म्हणतसुद्धा नाही.

मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. घट्ट. तो माझ्या हातातून सुटला, पुढच्या दोन सीटांच्या फटीतून गेला आणि गिअरवर, डॅशबोर्डवर आदळला. मांडीचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले, कपाळाला चौदा टाके. माझं मनगट मोडलं. सासूबाई पुढच्या सीटच्या पाठीवर आपटल्या, त्यांचा खांदा अजून वर जात नाही. बेल्ट लावलेल्या दोघांना काय झालं? मालकांच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक जांभळा पट्टा उमटला होता. सासऱ्यांच्याही. आठ दिवसांत दोघांचे पट्टे पिवळे पडून गेले. एकाच गाडीत, एकाच क्षणी.

मग मी हिशेब केला. कॅशियर आहे, आकड्यांत रात्री जातात. चाळीसच्या वेगाची गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या बारा-तेरापट जोर येतो. माझा मुलगा सतरा किलोचा. म्हणजे त्या क्षणी माझ्या दोन हातांना दोनशे किलोच्या वर ओढ होती, हळदीची चार पोती. कुठल्या आईच्या मनगटात चार पोती धरण्याची ताकद असते? हाच वेग वरून खाली पडण्यात मोजला, तर दोन मजली घराच्या गच्चीवरून सोडून देणं. त्या रात्रीपर्यंत मला वाटत होतं की माझी मांडी ही जगातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे.

आता बेल्टचं सांगते. चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. पण त्या रात्री मी बेल्ट शोधला असता तरी मिळाला नसता. गाडी घेतली तेव्हा शोरूमने मॅट दिले, डॅशबोर्डवर ठेवायला गणपती दिला आणि हौसेने सीटकव्हर बसवून दिलं. त्या सीटकव्हरखाली मागची तिन्ही बक्कलं कोंबलेली होती. अपघातानंतर गाडी गॅरेजला गेली तेव्हा मी ब्लेडने ते कव्हर फाडलं. आतून बक्कलं निघाली, लाल बटणांवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. चार वर्षं त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. पासिंग झालं, विमा झाला, दोन वेळा रस्त्यात कागद तपासले गेले. एकानेही मागचं दार उघडून विचारलं नाही, की ताई, इथे बक्कल कुठे आहे?

कायदा आहे की नाही? मोटार वाहन कायद्याच्या 194 बी कलमात 2019 च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून देशात लागू झाली. आपल्या राज्याने वाढीव दंड डिसेंबर 2021 पर्यंत अडवून धरले, कारण लोक नाराज होतील. ठीक आहे, पैसे कमी घ्या. पण त्यानंतर तरी मुलासाठी म्हणून किती चलनं झाली? माझ्या ओळखीत, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, पतसंस्थेत, मी शेकडो जणांना विचारलं असेल. एकालाही कधी झालेलं नाही. दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस, म्हणजे चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि हेल्मेट हवं आणि वेग चाळीसच्या आत हवा, असाही नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे. सांगलीत विश्रामबागला सकाळी साडेसातला कुठल्याही शाळेसमोर उभे राहा आणि एक हार्नेस दाखवा.

तुमच्याच केंद्र सरकारचा अहवाल सांगतो, 2022 मध्ये बेल्ट न लावलेले 16,715 जण गेले, त्यातले 8,331 प्रवासी, म्हणजे चालक नव्हेत. सगळे मिळून दिवसाला पंचेचाळीस-सेहेचाळीस माणसं. गोपीनाथराव मुंडे 3 जून 2014 ला दिल्लीत अपघातात गेले, मागच्या सीटवर, बेल्ट नव्हता. तेव्हा आठवडाभर सगळे मागच्या बेल्टबद्दल बोलले. मग 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागे, बेल्ट नव्हता. पुन्हा सगळे बोलले आणि 1 नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही सक्ती झाली. नियम तर वीस वर्षांपासून आहे! मोठं माणूस गेलं की तुम्हाला नियम आठवतो आणि मुंबईपुरताच आठवतो. कवलापूरच्या रस्त्यावर गेलेल्यांची नावं पेपरात चार ओळींत येतात. त्या ओळींत बेल्ट होता की नव्हता हेसुद्धा नसतं.

आणि आता ज्याच्यासाठी जीव तुटतो ते. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना होता. मुलगा कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये. सहा आठवडे तो उताणा होता, कूस बदलायलासुद्धा दोन माणसं लागायची, प्लास्टरच्या आत खाज सुटली की रडून रडून झोपायचा. त्याला सासूबाईंजवळ ठेवून, मनगटाला पट्टी बांधून मी एका कार्यक्रमाला गेले आणि हाताने लिहिलेला अर्ज दिला. मागणं फार नव्हतं. सीटकव्हरवाल्यांना लेखी कळवा की बक्कल झाकू नये. शोरूममधून गाडी देताना मागचे बेल्ट लावून दाखवा. तपासणीत मुलं मोजा. व्यासपीठावरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माझा अर्ज माईकवर वाचून दाखवला, पंधरा दिवसांत कारवाई होईल म्हणाले, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तो फोटो छापून आला. मार्चमध्ये मी तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, असं काही ठरलं नव्हतं.

महोदय, ते ऐकून मला किती अपमान वाटला असेल याची कल्पना करा. माझ्या मुलाची मांडी तुमच्या कार्यक्रमात टाळ्यांसाठी वापरली गेली.

बाजारात आजही ती लोखंडी क्लिप मिळते, बक्कलमध्ये खुपसली की बेल्टचा आवाज बंद. मे 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांकडून अशा 13,118 जाहिराती काढायला लावल्या, पण इथे गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानात ती काउंटरवरच्या बरणीत चॉकलेटसारखी ठेवलेली असते. आणि मुलांची सीट? मी सांगली-मिरजेतली सहा दुकानं फिरले. एकाकडे धूळ खात एक होती. बाकी सगळ्यांचं एकच उत्तर: “मागवून देतो, पण कशाला घेता, दोन वर्षांत पोरगं मोठं होतंय.” माहिती विचारली तर कुणाला सांगता आली नाही. मी स्वतः वाचून शिकले: तान्हं बाळ मागे तोंड करून बसवायचं, निदान सव्वा वर्षापर्यंत. त्याची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावायची नाही. मोठ्यांचा बेल्ट साधारण दीड मीटर उंची होईपर्यंत मुलाच्या गळ्यावर येतो, म्हणून खाली बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, लागते. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, गरोदर बाईनेही पोटाच्या खालून घ्यायचा. आई आणि मूल एका बेल्टमध्ये घेतलं तर आईचंच वजन मुलाला चिरडतं. एवढं सांगणारा एक फलक एखाद्या प्रसूतिगृहाबाहेर का नाही? बाळाला घरी नेताना आम्ही कुंची घालतो, दृष्ट काढतो आणि मांडीवर घेऊन पुढे बसतो. आम्हाला तेवढंच शिकवलंय.

पण तुम्ही तरी एकट्या बेल्टचं काय करणार? उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायला दर हंगामात बैठक होते आणि दर हंगामात माणसं मरतात. सांगली-पेठ रस्त्यासाठी लोकांना किती वर्षं रस्त्यावर बसावं लागलं! आठ सीटांच्या वडापात, म्हणजे खासगी प्रवासी गाडीत, चौदा माणसं आणि त्यांच्या मांड्यांवर सहा पोरं घेऊन ती गाडी तपासणी नाक्यावरून रोज जाते, रोज, आणि नाक्यावरचे लोक चालकाला नावाने ओळखतात. शाळेच्या व्हॅनमध्ये मुलं फळीवर बसवतात. सगळ्यांना सगळं माहीत असतं. कुणी काही बोललं की “चालायचंच” म्हणतात. माझा मुलगा अजून लंगडतो, डावा पाय थोडा आखूड भरतोय, डॉक्टर म्हणतात वाढीत भरून येईल. तो पाय रोज बघताना “चालायचंच” हा शब्द मला ऐकवत नाही.

माझ्या त्याच तीन मागण्या पुन्हा करते. सीटकव्हर, शोरूम, तपासणीत मुलं. चौथं एक: त्या चौकातल्या हवालदारांना शिक्षा नको, त्यांना कुणी कधी शिकवलेलंच नसेल. त्यांना शिकवा.

जानेवारीतल्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, गोल शिक्क्यासह. फाडलेलं सीटकव्हरही ठेवलंय, बक्कलांच्या जागी तीन फुगवटे असलेलं. दोन्ही घेऊन मी मुंबईला यायला तयार आहे, मुलालाही आणीन, मागच्या सीटवर, बूस्टरवर बसवून. उत्तर लेखी द्या. फोनवर नको, फोनवरचं उत्तर मी एकदा ऐकलं आहे.

आपली,
सांगलीतली एक आई