उधारीच्या वहीतून अर्थमंत्र्यांना पत्र

मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

कराडात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी १९७८ साली काढलं तेव्हा खिळे, सळई, चुना आणि घमेली एवढाच माल होता. आता चारशे चौरस फुटांत पाईप, फिटिंग, रंग, नळ, बिजागऱ्या, कडी-कोयंडे मिळून तीनेक हजार जिन्नस आहेत. कुठल्या खोक्यात काय, हे मला आणि तीस वर्षं दुकानात असलेल्या आमच्या मामांना ठाऊक. संगणकाला अजून पत्ता लागलेला नाही.

आम्हा व्यापाऱ्यांची बैठक झाली की एक मागणी ठरलेली असते: मोठ्या साखळी दुकानांना आवरा, ऑनलाइनवाल्यांना आवरा. परवा तसंच निवेदन फिरलं. मी सही केली नाही म्हणून शेजारच्या दोघांनी बोलणं टाकलंय. सही का केली नाही, ते त्यांना सांगण्याआधी तुम्हाला सांगतो, कारण दुखणं तुमच्या खात्याशी निगडित आहे.

मोठ्या दुकानाची मला भीती वाटत नाही असं नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाइलवरचा दर माझ्या नाकासमोर धरतं आणि कधीकधी तो दर माझ्या खरेदीपेक्षा कमी असतो. पण आमचा धंदा दरावर चालतो त्याहून जास्त मिस्त्रीवर चालतो. घरबांधणी-दुरुस्तीचं सामान विकणारी अमेरिकेची होम डेपो कंपनी चीनमध्ये गेली आणि २०१२ साली तिथली उरलेली सातही मोठी दुकानं बंद करून परतली. आपल्या हाताने भिंत रंगवणारा, फरशी बसवणारा माणूस तिला तिथे पुरेसा मिळाला नाही. आपल्याकडेही तोच हिशेब आहे. प्लंबर म्हणतो, ‘पाऊण इंचीचे सहा एल्बो, दोन टी, एक युनियन आणि सोल्यूशनची डबी आणा,’ आणि घरमालक चिठ्ठी घेऊन येतो. काही बायका नळाचा तुटका तुकडा पिशवीत घालून आणतात आणि ‘असलाच द्या’ म्हणतात. तसलाच मिळतोही. नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया या फर्निचर कंपनीचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं. तिथून आमच्या एका गिऱ्हाइकाने कपाट आणलं. खोक्यात सगळं होतं, पण कपाट भिंतीला आवळायचे स्क्रू नव्हते. प्रत्येकाची भिंत वेगळी, म्हणून कंपनी ते देत नाही. ते आणि रावळप्लग माझ्याकडून गेले. फायदा अकरा रुपये.

आमचेही दोष आहेत. अजून कच्च्या पावतीवर माल विकणारे आहेत, नामांकित कंपनीच्या खोक्यात दुसराच नळ भरून देणारेही आहेत. मिस्त्रीचं कमिशन गिऱ्हाइकाच्या बिलात लपवलेलं असतं, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला कळतं. अशा दुकानदाराचं गिऱ्हाईक मोठ्या दुकानाने ओढून नेलं तर मला वाईट वाटणार नाही.

मग मी हरतोय कुठे? उधारीत.

मोठं दुकान रोखीने विकतं आणि पुरवठादाराला दोन-तीन महिन्यांनी पैसे देतं. म्हणजे लोकांचा पैसा त्याच्या गल्ल्यात फिरत राहतो. माझं उलटं आहे. वितरक सात दिवसांत पैसे मागतो, उशीर झाला की सूट गेली आणि पुढची गाडी अडली. मी मात्र माल द्यायचा तो गिऱ्हाइकाने सांगितलेल्या तारखेच्या भरवशावर. शेतकरी म्हणतो, ऊसबिल आलं की देतो. त्याचं मला ओझं नाही. तो देतो, आणि एखाद्या वर्षी नाहीच जमलं तर घरी येऊन सांगतो. शिवाय त्याच्या उसाला निदान कायदा आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. पाळतात किती, हा वेगळा विषय.

ओझं आहे ते सरकारी कामाच्या उधारीचं. एका सरकारी शाळेच्या पाण्याच्या कामासाठी कंत्राटदाराने माझ्याकडून ४,१२,००० रुपयांचे पाईप आणि फिटिंग नेले. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७४,१६० रुपये. त्याला चौदा महिने झाले. माणूस लबाड नाही, त्याचंच बिल वर अडकलंय. २०२५ मध्ये राज्यभरचे कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले, ते आपण पाहिलंच. त्यांच्या मागे रांगेत सळईवाला, सिमेंटवाला, पाईपवाला उभा होता. त्याचा फोटो कुठल्या पेपरात आला नाही.

आता त्या ७४,१६० रुपयांचं बघा. त्यातला मोठा भाग मी खरेदीच्या वेळीच वितरकाला दिला होता. उरलेला, बिल फाडलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, सरकारच्या खात्यात भरला. कर बिलावर लागतो, पैसे आले की नाही ते कुणी विचारत नाही. उधारी कायमची बुडाली तरी भरलेला जीएसटी परत मिळायची सोय कायद्यात नाही. कंत्राटदाराने १८० दिवसांत मला पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, व्याजासह परत करावं, असा नियम मात्र आहे. पण ते परत जातं सरकारकडे. म्हणजे सरकारच्या कामाला माल माझा, त्यावर सरकारला कर माझा, आणि बिल थकवल्याची भरपाईही सरकारलाच! माझ्या मुलाने हे ऐकलं आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला.

भिंतीवर ‘उद्यम’चं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. २ जुलै २०२१ ला केंद्राने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांत घेतलं तेव्हा पेढे वाटले होते. नंतर सीए साहेबांनी समजावलं की हे फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं आहे. ४५ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तक्रारीसाठी परिषद, हे सगळं कारखानदार आणि सेवा देणाऱ्यांसाठी. आमच्याच गल्लीत ग्रिल बनवणारा फॅब्रिकेटर आहे. त्याचे पैसे अडले तर तो परिषदेकडे जाऊ शकतो. त्याला पट्टी आणि अँगल उधार देणारा मी जाऊ शकत नाही. मी काही ‘बनवत’ नाही ना!

साहेब, मोठी दुकानं रोखा, असं मी मागत नाही. रोखलीत तरी माझी वही तशीच राहील. आपल्या हातात आहे तेवढंच मागतो. सरकारी कामाच्या चालू बिलासोबत कंत्राटदाराने मालाची जीएसटी बिलं जोडावीत आणि तेवढी रक्कम दुकानदाराच्या खात्यात थेट जावी. त्याने काम रखडणार नाही, उलट पुढचा माल वेळेवर मिळेल. कंत्राटदारांनाही हे चालेल. निदान माझ्यावाला तरी हो म्हणालाय. थकलेली बिलं तर द्यायलाच हवीत, ते काय सांगायचं.

दुसरं, जीएसटी परिषदेत आपल्या राज्याचा आवाज मोठा आहे. छोट्या व्यापाऱ्याने पैसे हाती आल्यावर कर भरावा, हा प्रस्ताव तिथे मांडा. अशक्य म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, जुन्या सेवाकरात २०१२ पासून ५० लाखांपर्यंतच्या सेवांवर व्यक्ती आणि भागीदारी फर्मना हीच मुभा होती आणि देश बुडाला नव्हता. व्यापाऱ्याला ४५ दिवसांचं संरक्षण देणं केंद्राच्या हातात आहे, पण महाराष्ट्राने पत्र लिहिलं तर त्याला वजन राहील. माझ्या पत्राला राहणार नाही, हे मला कळतं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजली. पहिल्या पानावर श्री, आणि दुसऱ्या पानावर जुन्या वहीतून ओढून आणलेली ती ४,८६,१६० ची ओळ. मामा म्हणाले, ‘पूजेच्या वहीत कशाला?’ मी म्हटलं, कुठे लिहू मग?

कळावे,
आपला,
एक हार्डवेअर दुकानदार, कराड

ता. क. – पत्र लिहीत असतानाच त्या शाळेचे हेडमास्तर येऊन गेले. नवीन लाइनचा एक नळ गळतोय म्हणाले. अर्ध्या इंचीचा वायसर दिला. पाच रुपये, रोख.