पाठीतले गळ पुसून पाठवलेल्या चित्राबद्दल तक्रार

दि. ३ जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ऐतिहासिक चित्रप्रतींमध्ये केलेला फेरफार आणि निकृष्ट छपाई याबद्दल

महोदय,

स. न. वि. वि.

२ जूनला मी तुमच्या संकेतस्थळावरून जुन्या प्रथांच्या तीन चित्रप्रती मागवल्या आणि १४,८०० रुपये आगाऊ भरले. आमच्या पेठेतल्या वाचनालयात २६ जूनला, शाहू जयंतीला, कायद्याने बंद झालेल्या प्रथांचं प्रदर्शन भरवायचं होतं. पार्सल ११ तारखेला आलं. एक चित्र ठीक आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाकीच्या दोन चित्रांसाठी हे पत्र लिहिते आहे.

पहिलं चित्र बंगालातल्या चरकपूजेचं. उंच खांबावर आडवा वासा, त्याच्या टोकाला दोरांनी टांगलेला माणूस आणि खाली जमलेली गर्दी. तुमच्या पानावर हे चित्र मोठं करून पाहिलं तर त्या माणसाच्या पाठीच्या कातड्यात रुतलेले दोन गळ स्वच्छ दिसतात. चित्र घ्यायचं मी ठरवलं ते त्यांच्यामुळेच. घरी आलेल्या प्रतीत गळ नाहीत. पाठ गुळगुळीत आहे आणि दोर तिच्यावर दोन बोटं अलीकडेच संपतात. तो माणूस मजेत झोके घेतोय असं वाटतं. आमच्या वाचनालयात येणाऱ्या सातवीतल्या मुलीने चित्र पाहून विचारलं, "बाई, हा सर्कशीतला आहे का?" मला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

आमच्याकडे याला बगाड म्हणतात. वाईजवळच्या बावधनचं बगाड पाहायला आजही हजारो लोक जातात. आता तिथे माणसाला बांधून वर चढवतात, पण पूर्वी गळ टोचून घ्यायचे हे आमच्या आजीकडून आम्ही ऐकलेलं आहे. बंगालात सरकारने १८६५ मध्ये गळ टोचण्यावर बंदी घातली. बंदी कशावर घातली हे ज्या चित्रातून कळायचं, त्यातली नेमकी तीच गोष्ट तुम्ही पुसलीत. शिवाय चित्राखालची मजकुराची पट्टीही कापलीत. त्यामुळे चित्रकार कोण, साल कोणतं, छापलं कुठे, काहीच उरलेलं नाही. सोबतच्या प्रमाणपत्रावर फक्त 'पारंपरिक उत्सव' एवढंच आहे.

दुसरं चित्र सहगमनाचं, म्हणजे सती जाणाऱ्या बाईचं, बाल्थाझार सोल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराचं. त्याने १७९६ ते १७९९ या काळात कलकत्त्यात २५० रंगीत कोरीवचित्रं छापली. त्या मूळ छापांचे रंग मंद, मातकट आहेत. पुढे पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ दरम्यान निघालेल्या आवृत्तीत ते जास्त खुलवले गेले. तुमच्या पानावर 'कलकत्ता आवृत्तीवरून' असं लिहिलं आहे. हातात आलेल्या प्रतीत मात्र ज्वाळा भडक नारिंगी आणि आकाश निळंशार आहे.

छपाईचं तर मला कळलंच नसतं. महाद्वार रोडवरच्या फ्रेमवाल्याकडे चित्र नेलं तेव्हा त्याने काउंटरवरचं भिंग लावलं आणि म्हणाला, "बाई, हे पुस्तकातनं मारलंय बघा." मीही पाहिलं. कोरीवचित्रात तांब्याच्या पत्र्यावर ओढलेली रेघ अखंड उतरते. इथे त्या बाईचा चेहरा निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांत विरघळून जातो. म्हणजे कुठल्या तरी ऑफसेट छपाईच्या पुस्तकाचं पान स्कॅन केलेलं आहे. कागदही सुती नाही, चकचकीत फोटोपेपर आहे. पानावर मात्र 'मूळ छापावरून, सुती कागदावर' असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

१३ जूनला मी फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने नम्रपणे सांगितलं की भिंतीवर लावताना पाहणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून अशा प्रतिमा सौम्य करतात, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. मला सूट नको. पाहणाऱ्याला त्रास व्हावा म्हणूनच आम्ही ही चित्रं लावणार होतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९२० मध्ये मुलं-मुली देवाला सोडण्याच्या जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्धचा कायदा केला, तो लोकांना जे बघवत नव्हतं ते बघूनच केला. गळ्यात लाल-पांढरे मोती बांधून सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बाया आमच्या जिल्ह्यात अजून आहेत. त्यातल्या एक मावशी आमच्या प्रदर्शनाला आल्या होत्या. सगळे तक्ते त्यांनी सावकाश पाहिले आणि दोन रिकाम्या चौकटींपाशी थांबून विचारलं, "हितं काय लावणार हुतासा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग लावायचं की."

तुमची चित्रं मी लावली नाहीत. खोटं चित्र लावण्यापेक्षा चौकट रिकामी ठेवलेली बरी.

दोन्ही चित्रांच्या प्रती मूळ छापावरून, काहीही न पुसता, खालच्या मजकुरासह आणि कबूल केलेल्या सुती कागदावर नव्याने छापून पाठवा. ते जमत नसेल तर दोन्हींचे ९,६०० रुपये परत करा आणि आधीच्या प्रती तुमच्या खर्चाने घेऊन जा. यापुढे एखाद्या चित्रात फेरफार केलेला असेल तर तो त्या चित्राच्या पानावर ठळक लिहा, म्हणजे शाळा-वाचनालयं फसणार नाहीत. बिलाची प्रत, भिंगातून काढलेले फोटो आणि तुमच्या पानाचं छायाचित्र सोबत जोडलं आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला लांब जावं लागणार नाही.

दोन्ही चौकटी वाचनालयाच्या भिंतीवर तशाच ठेवल्या आहेत. प्रती आल्या की त्याच दिवशी लावू.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर