अर्धशिशीला पित्ताच्या खात्यातून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत उन्हाळी विकारांवर जे पान आलं होतं, त्यात अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, सरळ पित्तविकारांत टाकली होती. सोलापूरच्या उन्हात डोकं उठलं की लिंबूपाणी, आलेपाक, कपाळाला फडकं आणि अंधारी खोली हे घरोघरी चालतं. त्यातली अंधारी खोली खरोखरच कामाची. पण पित्ताचं लेबल आता काढायला हवं. माझी उमेदीची वर्षं पूर्व भागातल्या एका औषध दुकानाच्या काउंटरमागे गेली, म्हणूनच हा पत्रप्रपंच.

उलटी झाली की डोकं हलकं होतं, त्यावरून 'पित्त पडलं' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात अटॅक चालू असताना जठराची हालचाल मंदावते, खाल्लेलं पुढे सरकत नाही आणि मळमळतं. (उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.) दुखणं सुरू होतं मेंदूत, पोटाला त्याची झळ लागते. ठणका सुरू होण्याआधी काही तास जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस तेव्हाच जागा झालेला असतो, हे स्कॅनवर दिसलं आहे. दुसऱ्या दिवशी खापर मात्र जिलेबीवर फुटतं! ती खावीशी वाटणं हेच कदाचित पहिलं लक्षण होतं.

काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेघा दिसतात. त्याला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने सरकणारी एक लाट त्यामागे असते. ब्राझीलच्या आरिस्टिडेस लिआओ यांनी 1944 मध्ये ती प्रथम सशांच्या मेंदूत नोंदवली. मग चेहऱ्याचा मोठा मज्जातंतू, ट्रायजेमिनल, चेततो आणि सीजीआरपी नावाचं प्रथिन सोडतो. 1990 च्या सुमारास अटॅकमधल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात ते वाढलेलं सापडलं, आणि त्याला अडवणारं पहिलं इंजेक्शन 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. या कामासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसेन यांना 2021 चं ब्रेन प्राइझ मिळालं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, मग ही लाट बाहेरच्या मज्जातंतूला कशी चेतवते, हे कोडं होतं. उंदरांवरच्या 2024 च्या प्रयोगात त्याचा एक धागा हाती आला: लाटेनंतर सुटलेली प्रथिनं मेंदूभोवतीच्या द्रवातून त्या मज्जातंतूच्या गाठीपर्यंत पोचतात. एवढं सगळं कळूनही घरात 'कामाचा कंटाळा' हे निदान अजून टिकून आहे, याचं मला नवल वाटतं.

शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरू आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळपास चौघांत एकाला वर्षभरात मायग्रेन झाल्याचं आढळलं. बायकांत प्रमाण अधिक. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूच्या उग्र वासात बसतात, कुणाचं घर यंत्रमागाच्या खडखडाटाला लागून असतं, आणि असा वास नि गोंगाट अटॅकला निमंत्रणच. झोप वेळेवर घ्या, असं डॉक्टर सांगतात. नळाला पाणी अपरात्री आलं की ती कशी घ्यायची, हे कोणी सांगत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोळ्यांची. चिठ्ठी लागत नाही, दोन-पाच रुपयांत काम भागतं, म्हणून बाई रोज एक गोळी नेते. साधी वेदनाशामक महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनची गोळी) दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. दुखतं म्हणून गोळी, गोळीमुळे पुन्हा दुखणं. ती बाई कुणाला व्यसनी वाटत नाही, आणि ती नसतेही. अटॅक मुळात कमी यावेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल (दमा असणाऱ्यांनी घेऊ नये), ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन अशी जुनी, स्वस्त औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे नेमाने घ्यावी लागतात. सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं विडी कामगाराच्या मजुरीत बसणारी नाहीत, म्हणून तर या जुन्या औषधांची माहिती जास्त गरजेची.

मायग्रेन एकटं येत नाही. नैराश्य आणि चिंता यांच्याशी त्याचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. एक असेल तर दुसऱ्याची शक्यता वाढते. ऑरा असलेल्यांना मेंदूच्या झटक्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका साधारण दुप्पट असतो. तरुणपणी मुळात तो फार कमी, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि धूम्रपान त्यात भर घालतात. आशाताईंकडून मिळणाऱ्या माला-एन गोळीत इस्ट्रोजेन असतं. ऑरा असलेल्या बाईला ती देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. सरकारीच 'छाया' गोळीत हार्मोन नाही. डोळ्यांपुढे रेघा चमकतात का, एवढं विचारलं तर फरक पडेल.

तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायला आरोग्य कर्मचारी वस्तीत येतातच. त्यांच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवावेत: महिन्यात किती दिवस डोकेदुखीची गोळी घेता, आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का. आपणही पुढच्या पुरवणीत शहरातल्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाकडून यावर लिहून घ्यावं. पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ आहेत. तो मजकूर तेलुगूतही छापता आला तर विडी कारखान्यांच्या दारात लावायला मी स्वतः घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त औषधविक्रेती, सोलापूर