देऊळ 'सरकवण्या'आधी वही उघडा

महोदय,

रस्ता रुंद करायचा ठरला की वेशीजवळचे एखादे जुने दगडी देऊळ 'थोडे मागे सरकवू' असे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अगदी सहज बोलले जाते. दगडी देऊळ सहसा सरकत नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या मोस्त गावचे चर्च कोळशाच्या खाणीपायी १९७५ साली रुळांवरून ८४१ मीटर नेले खरे, पण मिनिटाला एक ते तीन सेंटीमीटर अशा चालीने! एरवी देऊळ उकलून दुसरीकडे पुन्हा उभे करतात, आणि घोटाळा होतो तो उकलताना.

इंग्लंडात टेकडीवरच्या जुन्या सॅरम गावी तटाच्या आत कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मोठे चर्च, होते. पाण्याची टंचाई, सोसाट्याचा वारा आणि किल्ल्यातल्या शिपायांशी कटकट, यांमुळे १२२० साली खाली सॉल्झबरीत नव्याचा पाया घातला. जुन्याचे दगड पुढे नव्या आवाराच्या कामाला लागले. टेकडीवर आता पायाची आखणी तेवढी दिसते. म्हणजे देऊळ हललेच नाही, हलले ते फक्त नाव. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, हे जैन देऊळ, १२०४ची, म्हणजे जवळपास त्याच काळातली. ती मात्र खंदक-तटाच्या आत जागच्या जागी उभी आहे.

हलवणे टळतच नसेल, तर देवाला आधी तात्पुरत्या जागी बसवावे, मग चारही बाजूंची मोजमापे, फोटो आणि जोत्याची पातळी घ्यावी. पहिला दगड त्यानंतर निघावा. प्रत्येक चिऱ्याला आकडा हवा: 'पू-४-१२' म्हणजे पूर्व भिंत, चौथा थर, बारावा चिरा. तो वरच्या किंवा आतल्या लपणाऱ्या अंगावर घालावा. कोरीव तोंडावरचा ऑइलपेंट नंतर धड निघत नाही. हे सारे आकडे आणि मापे वहीत उतरवावीत, आणि वहीच्या दोन प्रती कराव्यात. पावसात एक भिजली की सगळे काम अडते. शिखरापासून खाली उतरावे, दगड तारेच्या दोराने नव्हे तर रुंद पट्ट्याने, चेनपुलीवर उचलावेत, आणि थरवार, लाकडी पट्ट्यांवर ठेवावेत. जेसीबी लावला की कडा तुटल्याच.

खरी फसगत भिंतीच्या पोटात होते. दोन घडीव तोंडांमध्ये खडी-चुन्याची भर असते; उकलताना ती भुगा होते आणि पुन्हा भरताना सिमेंट ओततात. ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. चुनाच वापरा. सांध्यांत लोखंडी पट्ट्या घातल्या तर गंजून फुगतात आणि चिरा फोडतात. तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. नव्या जागेवर थर आधी जमिनीवर जुळवून पाहावा, मगच चढवावा.

शिलालेख असेल तर त्याचा ठसा सर्वांत आधी घ्यावा. बेळगावचे १२०४चे दोन लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गावात राहिलेला लेख तरी पायरीत उलटा बसू नये.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव