यान चालवणारी जमिनीवरची माणसे

संपादक महोदय,

चंद्रयान-३ उतरले तेव्हा बातम्या रॉकेट आणि लँडरच्याच होत्या. बेंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील, दूरच्या यानांशी संपर्क ठेवणाऱ्या ३२ मीटर व्यासाच्या अँटेनाबद्दल आणि नियंत्रण कक्षातल्या कामाबद्दल फार कमी छापून आले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरताना तिथला संदेश पृथ्वीवर यायलाच सुमारे १२ मिनिटे लागत होती. त्यात इंजिन चालू असतानाच यान मंगळाआड गेले आणि संपर्क तुटला. म्हणून साऱ्या आज्ञा आधीच तपासून यानात भरून ठेवल्या होत्या. केवढी जबाबदारी ही! उल्काविवराच्या काठावर वाढणाऱ्या आमच्या लोणारच्या मुलांना मात्र अंतराळ म्हणजे फक्त अंतराळवीर वाटतात. या कामाची ओळख करून देणारे सदर आपण सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, लोणार (जि. बुलढाणा)